तिसरी परात

माळ्यावर पडून असलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तीन पराती आईने गेल्या शनिवारी काढून दिल्या. त्या आता आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, जुन्या चादरीवर ओळीने मांडल्या आहेत. पहिल्या परातीत इंजिनात परत जाणारे भाग. दुसरीत भंगारात जाणारे. तिसरीत ज्यांचं काय करायचं ते ठरलेलं नाही असे. इंजिन खोललं त्या संध्याकाळी पहिल्या दोन जवळपास रिकाम्या होत्या आणि तिसरी शिगोशीग भरली होती. आज आठ दिवसांनी तिच्यात एकच भाग उरलाय.

इंजिन बाबांच्या बजाज चेतक स्कूटरचं आहे. १९८३ ची गाडी. बाबांनी बुकिंग करून कित्येक वर्षं वाट पाहिली होती. माझ्या पहिल्या वाढदिवसाला ती दारात आली असं आत्या अजून सांगते. टू-स्ट्रोक, बोअर म्हणजे पिस्टनच्या भोकाचा व्यास ५७ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धावही ५७ मिमी, म्हणजे साधारण १४५ सीसी. बाबा खडकीला नोकरीला होते आणि कसब्यातून रोज याच गाडीवर जायचे. पुढे मी डिप्लोमा करून भोसरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला लागले, ती अजून तिथेच आहे. दिवसभर मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल हेच माझं काम. हे सांगायचं कारण म्हणजे पुढे जे लिहिणार आहे ते सगळं मोजण्याभोवतीच फिरतं.

२००९ च्या डिसेंबरात कंपनीने स्कूटर बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. २०२० साली त्याच नावाची विजेवरची गाडी आली, पण आमच्या गाडीला तिचा काही उपयोग नाही. आज चेतकच्या इंजिनाला पार्ट मिळतात ते तीन ठिकाणचे. नाना पेठेतल्या एखाद्या दुकानाच्या मागच्या फळीवर राहून गेलेला ओरिजिनल माल, आज कोणी ना कोणी बनवत असलेला लोकल माल, आणि दुसऱ्याच्या गाडीतून निघालेला माल. त्यामुळे ‘सगळं नवं टाका’ आणि ‘आहे ते चालेल’ हे दोन्ही सल्ले मला सारखेच अपुरे वाटतात. दोन्ही मी करून बसले आहे.

‘आहे ते चालेल’ २०१२ मध्ये केलं. गाडीचा जोर कमी झाला होता, म्हणून घराजवळच्या एका गॅरेजात हाफ इंजिन, म्हणजे फक्त वरच्या भागाचं काम, करून घेतलं. पिस्टनला नव्या रिंगा घातल्या. क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव फिरण्यात बदलणारा दांडा; त्याची सीलं आणि बेअरिंगं जुनीच ठेवली, कारण दिसायला चांगली होती आणि क्रँककेस उघडायचं काम वाचत होतं. मीच हो म्हटलं होतं. पंधरा-वीस दिवसांनी लक्षात आलं की अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन लगेच खाली येत नाही, दोन-तीन सेकंद तसंच भणभणत राहतं. मला वाटलं केबल अडकत असेल. त्या रविवारी बाबांना मागे बसवून सासवडला निघाले होते. दिवे घाटात, शेवटच्या वळणाच्या आधी, इंजिनाचा आवाज एकदम कोरडा झाला आणि मागचं चाक जागच्या जागी धरलं. क्लच दाबला म्हणून पडलो नाही. बाबा उतरले, माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

झालं होतं ते असं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँककेस म्हणजे नुसता क्रँकचा डबा नव्हे, तो पंपही असतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आधी तिथे येतं, दाबलं जातं आणि मग वर ब्लॉकमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात, जातं. क्रँकच्या दोन्ही टोकांना रबरी सील असतं. मॅग्नेटकडचं सील कडक पडलं की तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणात हवा वाढते, पेट्रोल कमी पडतं, आणि या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळतं, लिटरला २० मिली. म्हणजे पेट्रोल कमी तसं ऑइलही कमी. सपाट रस्त्यावर ते निभावून गेलं. घाटात दोन माणसांचं ओझं आलं, पिस्टन तापून फुगला आणि ब्लॉकला चिकटला. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरचं ते भणभणणं म्हणजे सीलची तक्रार होती. आज तो आवाज मी दुसऱ्याच्या गाडीतही रस्त्याच्या पलीकडून ओळखते आणि सिग्नलला थांबवून सांगतेही. दुसरं, चाकाकडचं सील गेलं तर उलटं होतं: गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचे लोट निघतात आणि ऑइलची पातळी उतरत जाते. ते निदान दिसतं तरी. हवा दिसत नाही.

त्या घाटाची मला इतकी भीती बसली की पुढच्या वेळी सगळंच नवं आणलं. ब्लॉक-पिस्टन किट, तयार क्रँक, बेअरिंगं, सीलं, सगळं एका दुकानातून, चकचकीत खोक्यांत. बाबांचा ब्लॉक गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकला. नव्या किटवर गाडी १४० किलोमीटर चालली. उघडलं तेव्हा खालची रिंग तुटलेली आणि तिच्या तुकड्याने नव्या ब्लॉकला वरपासून खालपर्यंत चरे पाडलेले. ब्लॉकच्या भिंतीत मिश्रण आत यायला आणि धूर बाहेर जायला खिडक्या असतात. रिंग दर फेऱ्याला त्यांच्यावरून सरकते, म्हणून त्या खिडक्यांच्या कडा किंचित मोडाव्या लागतात, बोट फिरवलं तर बोचता कामा नयेत. या ब्लॉकच्या कडा कानशीही न लागलेल्या, धारदार. रिंग त्यांत अडकत राहिली आणि शेवटी तुटली.

मी रोज शेकडो भाग तपासून पास-नापास करणारी बाई, आणि माझ्या स्वतःच्या गाडीचा ब्लॉक खोक्यातून काढून सरळ बसू दिला. नवा होता म्हणून. मग इरेला पेटून तो नवा क्रँकही कारखान्यात दोन टोकदार आधारांत, सेंटरमध्ये, धरून डायल लावला. ८० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे ८० हजारांश, डगमगत होता. माझ्या आताच्या मेकॅनिक चाचांकडे २०-३० च्या वर क्रँक बांधला जात नाही.

चाचा तेव्हाच भेटले. रास्ता पेठेतल्या एका बोळात त्यांची जेमतेम दहा बाय आठची जागा आहे. मी तुटलेली रिंग दाखवली, तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “ताई, जुना ब्लॉक कुठाय?”

“घरी आहे. पण चिकटलेला आहे तो.”

“चिकटला म्हणजे मेला नाही. घेऊन या.”

आणला. त्यांनी नखाने आतले ओरखडे तपासले आणि म्हणाले, पुढच्या साइजला सगळं निघून जाईल. निघालंही. तोच ब्लॉक बोअर करून, म्हणजे आतलं भोक कापून थोडं मोठं करून, २०१३ पासून या वर्षापर्यंत चालला.

या दोन फजित्यांनंतर माझ्या डोक्यात एक फरक पक्का झाला, आणि यंदाच्या तिसऱ्या परातीतला प्रत्येक भाग मी त्याच फरकाने लावला. झीज मोजता येते, थकवा मोजता येत नाही. लोखंड किती घासलं गेलं ते गेज सांगतो, त्यामुळे झिजलेल्या भागाचा निर्णय घेता येतो. पण रबर किती कडक झालंय, स्प्रिंगचा किती ताण मेलाय, बेअरिंगच्या पोलादात कुठे केसाएवढी चीर चालू झालीय, हे घरच्या परातीसमोर बसून कळत नाही. ते भाग कितीही सुंदर दिसोत, मी परत घालत नाही. आणि नव्या भागालाही हीच परीक्षा आहे: मोजून उतरला तर पहिल्या परातीत, नाहीतर दुकानात परत.

ब्लॉकवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि जायलाच हवा होता. आत सहा ठिकाणी मोजलं: वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी पिस्टनच्या पिनच्या दिशेने आणि तिला काटकोनात. मागच्या वेळी अर्ध्या मिलिमीटरने वाढवलेला, म्हणजे तेव्हा ५७.५० चा झालेला. खाली जवळपास तेवढाच निघाला. वर, जिथे रिंग थांबून परत फिरते तिथे, एका दिशेला ५७.६४. म्हणजे १४० मायक्रॉनची झीज, आणि तीही एकसारखी नाही, किंचित अंडाकृती. नव्या रिंगा घालून हे भागत नाही. रिंग गोल, भोक अंडाकृती, मधून धूर निसटणारच. २०१२ च्या हाफ इंजिनात हीसुद्धा चूक होती, सीलच्या आधी.

पण पिस्टन ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी ओव्हरसाइजमध्ये, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, मिळतात. ५७.७५ ला बोअर केलं की ५७.६४ ची सगळी झीज कापून निघते आणि भोक पुन्हा गोल होतं. त्यानंतरही १.०० ची एक पायरी शिल्लक राहते. म्हणून ब्लॉक पहिल्या परातीत.

ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी इथे एक गोष्ट जरूर करावी. आधी पिस्टन घ्या, मग ब्लॉक बोअरिंगला द्या. खोक्यावर ०.७५ लिहिलंय म्हणून ब्लॉक कापून ठेवायचा नाही. पिस्टन हातात घेऊन त्याचं स्कर्ट, म्हणजे खालचा घेर, पिनला काटकोनात मोजायचं आणि त्या पिस्टनला लागेल तेवढी मोकळीक ठेवून भोक कापायचं. मी तीन खोकी उघडून मोजली. दोन पिस्टन एकमेकांशी जुळत होते, तिसऱ्याचं माप वेगळं, तो परत केला. दुकानदार आधी वैतागले. मग तेच काउंटरवरचा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा पिस्टन माझ्याकडे सरकवून म्हणाले, “मॅडम, हापण बघा जरा.”

लोखंडाबद्दल चाचा एक म्हणतात ते मला पटतं. “हे बीड तापून-तापून शांत झालंय ताई, आता हे वाकडं नाही होणार.” बीड म्हणजे ओतीव लोखंड, आणि ओतकामात थंड होताना आत ताण अडकून राहतात. आमच्या धंद्यातले जुने लोक मशीनचे ओतलेले बेड मुद्दाम महिनोन्‌महिने उघड्यावर, उन्हापावसात टाकून ठेवायचे, ते ताण सुटावेत म्हणून, आणि मगच शेवटचं काम करायचे. बाबांच्या ब्लॉकने ४२ वर्षं तेच केलंय, फक्त उन्हाऐवजी पेट्रोलवर.

क्रँकचा निर्णय अर्धा-अर्धा झाला. चाचा पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड उभा धरतात, दोन बोटांनी वर-खाली ढकलतात आणि कान जवळ नेतात. बाजूला हलला तर चालतो, हलायलाच हवा. वर-खाली किंचितही टक् झालं तर खालचं बेअरिंग गेलं. आमच्या रॉडचं टक् मलासुद्धा ऐकू आलं, आणि माझा कान काही फार तयार नाही. म्हणून रॉड, क्रँकपिन आणि रोलर बेअरिंग, असं पूर्ण रॉड किट नवं. रॉड हा भाग मी तसाही परत घातला नसता, मिनिटाला हजारो वेळा ओढला आणि दाबला जाणारा तो तुकडा आहे आणि त्याचा थकवा मला मोजता येत नाही. पण क्रँकच्या दोन्ही जाड चकत्या मूळच्याच ठेवल्या. त्यांचं पिनचं भोक मोजलं, प्रेसने पिन बसताना जो घट्टपणा हवा तो अजून आहे. प्रेसवर बसवल्यावर चाचांनी सेंटरमध्ये धरून, पितळी हातोड्याने एकेक ठोका देत, डायल बघत क्रँक सरळ केला. पाऊण तास लागला. शेवटचा आकडा १५ मायक्रॉन. खोक्यातून निघालेल्या त्या नव्या क्रँकचे ८० मला त्या क्षणी आठवले.

बेअरिंगवर चर्चाच नाही, नवी. जुनी धुऊन पाहिली तर लोण्यासारखी फिरत होती, बाबा म्हणाले, “अगं, चांगली आहेत की.” मी ठेवली नाहीत. एवढंच की क्रँकवर सी-३ खुणेची घ्यावीत, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेली, कारण इंजिन तापल्यावर बेअरिंग आवळलं जातं. साधं घातलं तर थंडीत छान वाटतं आणि तापल्यावर जड होतं. पत्र्याच्या डब्यात सुट्टं विकतात ते घेऊ नये, बिल देणाऱ्याकडूनच घ्यावं. आणि जुनं असो की नवं, बेअरिंग धुतल्यावर कॉम्प्रेसरच्या हवेने भिरभिर फिरवायची सवय गॅरेजांत फार आहे. कोरड्या बेअरिंगची त्यात वाट लागते.

सीलच्या बाबतीत मात्र मी यंदा एक नवीन गोष्ट शिकले. रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले होते. तिथे एका चादरीवर, नळाच्या तोट्या आणि दुर्बिणीच्या मध्ये, तेलकट कागदात गुंडाळलेला गिअरचा क्रॉस मिळाला. हा चार फाट्यांचा तुकडा सरकून एकेका गिअरला पकडतो, आणि त्याच्या कडा झिजून गोल झाल्या की गाडी दुसऱ्या गिअरमधून आपोआप सुटते. आमचीही सुटायची. तिथला क्रॉस ओरिजिनल, कधीच न वापरलेला, कडा कोऱ्या धारेच्या. आजच्या लोकल क्रॉसचं पोलाद मऊ निघतं असा चाचांचा अनुभव, त्यामुळे मला लॉटरी लागल्यासारखंच झालं. दीडशे रुपयांत मिळाला.

त्याच माणसाकडे क्रँकची ओरिजिनल सीलंही होती, कंपनीच्या पाकिटात, सीलबंद. मी तीही आनंदाने घेतली. चाचांनी पाकीट फाडून सील अंगठ्याने वाकवलं आणि ओठावरची बारीक चीर दाखवली. “पोलाद पंचवीस वर्षं कागदात झोपलं तर झोपेतून उठतं. रबर नाही उठत.” न वापरलेलं म्हणजे नवं असं मी धरून चालले होते. क्रॉस पहिल्या परातीत गेला, सीलं सरळ दुसरीत.

सीलं शेवटी आज बनलेली, फ्लोरोरबरची घेतली. साध्यापेक्षा महाग पडली, पण त्याला कारण आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, आणि १९८३ च्या गाडीतलं साधं रबर त्याच्यासाठी बनलेलं नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग ठिसूळ होतं. म्हणून कार्ब्युरेटरचं पॅकिंग, पेट्रोलची नळी, कॉकचं वॉशर, जे जे रबर आहे ते सगळं बदललं. इथेनॉलने मिश्रण पातळही होतं, हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, म्हणजे परत दिवे घाटाचीच वाट. चाचांनी मेन जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र, एक नंबर मोठा बसवायचा ठरवलाय आणि प्लगचा रंग बघून पुढचं बघू म्हणाले.

बाकीचं पटकन उरकलं. क्लचच्या प्लेटी नव्या, बसवायच्या आधी रात्रभर ऑइलमध्ये भिजवून. क्लचच्या स्प्रिंगा नव्या. गिअर जुनेच, दातांवर खड्डे नाहीत आणि ते एकमेकांशी घासून जुळलेत, एकच नवा घातला तर तो विव्हळत राहील. पॅकिंगचा पूर्ण सेट नवा. हेड जुनंच, काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं. पिस्टनपिन जागेवर धरणाऱ्या सर्क्लिपा नव्या, अर्थात. दहा रुपयांची तार, पण एकदा चिमट्याने काढली की तिचा ताण गेला, आणि ती चालत्या इंजिनात सुटली तर एकटी जात नाही, पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही घेऊन जाते. ज्यांच्या इंजिनांतून परत घातलेल्या जुन्या सर्क्लिपा निघताना मी पाहिल्या आहेत त्यांना मी हात जोडून हेच सांगते.

बाबा रोज संध्याकाळी प्लास्टिकची खुर्ची घेऊन परातींपाशी येऊन बसतात. ७८ वर्षांचे आहेत, गाडी चालवत नाहीत, पण पहिल्या परातीत काय काय गेलं ते मोजतात. बेअरिंगांचं त्यांना वाईट वाटलं, मला कळलं. म्हणून ब्लॉक बोअरिंगला न्यायच्या आधी त्यांच्या हातात दिला. पायथ्याजवळच्या सपाट जागेवर त्यांनी १९९१ मध्ये, पाव मिलिमीटरचं पहिलं बोअरिंग झालं तेव्हा, पंचने ‘९१’ ठोकलं होतं. त्याच्या शेजारी माझं ‘१३’. आज दोघांनी मिळून ‘२५’ ठोकलं. पंच त्यांनी धरला, हातोडी मी मारली, हलक्या हाताने, कारण बीड ठिसूळ.

ब्लॉक गुरुवारी मिळेल. तिसऱ्या परातीत आता फक्त किकचा दातेरी तुकडा आहे, तो कंगोरे असलेला पाव वर्तुळाच्या आकाराचा गिअर. पहिले दोन दात खाल्लेले, बाकी उत्तम. नाना पेठेत नवा मिळतो, पण मी हातात घेतलेल्या दोन्हींचं भोक शाफ्टवर सैल होतं. चाचा म्हणतात, वेल्डिंगने दात भरून घासून देतो, पूर्वी आम्ही तसंच करायचो. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारच्या दातांचं हार्डनिंग जाईल अशी मला धास्ती आहे. उद्या कारखान्यात नेऊन आधी हार्डनेस तपासते, वेल्डिंगनंतर परत तपासेन, आणि मग ठरवेन.